इंग्लंडच्या खेड्यातलं सिक्स्थ फॉर्म कॉलेज: मुलांचे दिवस कसे जातात?

सफरचंदी

नमस्कार मंडळी. आम्ही हेरफर्डशायरमध्ये राहतो, ब्रॉम्यर्डच्याही पुढे. आजूबाजूला सायडरच्या (सफरचंदाच्या दारूच्या) सफरचंदांच्या बागा, हॉप्सचे मांडव आणि मेंढ्या. मुलगी इयर इलेव्हनला आहे, उन्हाळ्यात जीसीएसईची परीक्षा, म्हणजे आपली दहावीच. तिची शाळा सोळाव्या वर्षाला संपते. पुढची दोन वर्षं, म्हणजे आपली अकरावी-बारावी, दुसरीकडे काढायची आहेत. आमच्याकडची बरीच मुलं हेरफर्डच्या सिक्स्थ फॉर्म कॉलेजला जातात. ओपन ईव्हनिंगला आम्हीही जाऊन आलो.

शिकवण्याबद्दल शंका नाही. मला पुढचं कळत नाहीये. गणवेश नाही, शिक्षकांना नावाने हाक मारायची, आणि वेळापत्रकात निम्मे चौकोन रिकामे. त्या रिकाम्या चौकोनांत सोळा वर्षांची मुलगी घरापासून पंधरा मैलांवर करते काय? ब्रॉम्यर्डची रेल्वे १९६४ साली बंद झाली, त्यामुळे जे काही आहे ते बसवर. नवरा म्हणतो सरळ शहरात घर घेऊ. मुलगी म्हणते, मैत्रिणी जिथे तिथे मी.

ज्यांची मुलं अशा कॉलेजात गेली आहेत त्यांनी लिहा. ब्रोशरमधलं नको, ते आहे माझ्याकडे.

---

गणितमास्तर

सॉमरसेटमधल्या एका सिक्स्थ फॉर्म कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून आधी रिकाम्या चौकोनांबद्दल.

इथे मूल साधारण तीन विषय घेतं. प्रत्येक विषयाचे आठवड्याला साडेचार-पाच तास. म्हणजे वर्गातले तास पंधराच्या आसपास, आणि तेवढाच अभ्यास स्वतःहून करावा अशी अपेक्षा. शाळेत दर तासाला घंटा व्हायची, इथे घंटाच नाही. सप्टेंबरमध्ये पहिले तीन आठवडे सगळी पोरं कँटीनमध्ये पत्ते खेळतात. ऑक्टोबरच्या सुट्टीआधी पहिली चाचणी होते. जीसीएसईला आठ-नऊ ग्रेड (नऊ सगळ्यात वरचा) मिळवलेल्या मुलाला इथे डी मिळतो, आणि मग लायब्ररीत जागा मिळेनाशी होते. दरवर्षी हेच होतं आणि दरवर्षी पालक घाबरून ईमेल करतात.

गणित घ्यायचं असेल तर जीसीएसईला किमान सहा, बऱ्याच ठिकाणी सात ग्रेड मागतात. ती अट जाचक वाटते, पण पाचवर आलेल्या मुलाचे हाल मी पाहिले आहेत. आणि ज्यांना जीसीएसईच्या गणितात किंवा इंग्रजीत चार मिळाले नाहीत त्यांना तो विषय इथेही चालू ठेवावा लागतो. २०१४ पासून कॉलेजला मिळणारा पैसाच त्या अटीवर आहे. नोव्हेंबरमध्ये एका हॉलमध्ये पुन्हा बसणारी ती मुलं बघवत नाहीत.

नावाने हाक मारण्याचं म्हणाल तर पहिले दोन दिवस मुलांनाच लाज वाटते. मग ‘सर’ म्हटलं तर मलाच कुणाला बोलावतायत ते कळत नाही.

---

चहाबिस्कीट

आम्ही नॉरफकला. मुलगा नॉर्थ वॉल्शमच्या पॅस्टनला होता. ही शाळा १६०६ सालची, आणि नेल्सन, तोच ट्रफाल्गरच्या लढाईचा आरमारप्रमुख, इथे शिकून गेला. पोरांना त्याचं काडीचं कौतुक नसतं. त्यांचं सगळं लक्ष नॉरिच ते शेरिंगम धावणाऱ्या बिटर्न लाइनकडे. गाडी वेळेवर आहे की रद्द, हे फोनवर बघत झोपायचं, बघत उठायचं.

ताई, खरं सांगते, खेड्यातल्या मुलाचं कॉलेज बसस्टॉपवर सुरू होतं. सातला कोच, म्हणजे कॉलेजची बस. डिसेंबरमध्ये उजाडायला आठ वाजतात आणि चारला पुन्हा काळोख, तेव्हा मूल घरचा उजेड फक्त शनिवार-रविवारी बघतं. सकाळी एक कोच, संध्याकाळी एक. शेवटचा तास साडेअकराला संपला तरी परत यायला चारच. शहरातली पोरं तास संपला की घरी जाऊन झोपतात. आमची तिथेच. पण त्याचा एक फायदा आम्हाला फार उशिरा दिसला. अडकून पडलेल्या मुलांचीच आपापसात घट्ट मैत्री होते. माझ्या मुलाचं रसायनशास्त्र शिक्षकांइतकंच त्या अडकलेल्या टोळक्याने पुरं केलं. नाटकाचा ग्रुपही त्यातूनच झाला, दुपारी दुसरं करण्यासारखं नव्हतंच काही.

पॅस्टन २०१७ च्या डिसेंबरमध्ये नॉरिचच्या सिटी कॉलेजात विलीन झालं. नाव आणि इमारत आहे, पण स्वतंत्र कारभार गेला.

---

गणितमास्तर

विलीनीकरणामागे पैसा आहे. १६-१७ वर्षांच्या मुलामागे सरकार कॉलेजला वर्षाला ४,००० पौंड द्यायचं. हा आकडा २०१३ पासून २०२० पर्यंत हललाच नाही. आणि मूल अठराचं झालं की तेही कमी, ३,३०० वर. शाळेला व्हॅट परत मिळायचा, सिक्स्थ फॉर्म कॉलेजला नाही. तो मिळावा म्हणून २०१५ नंतर बऱ्याच कॉलेजांनी अकॅडमी, म्हणजे कायद्याने शाळाच, होण्याचा मार्ग धरला. अशा वेळी आधी काय कापलं जातं? जर्मन, फ्रेंच, संगीत. सात मुलांचा वर्ग चालवणं परवडत नाही. लडलो, ऑल्टन, पॅस्टन, एकेक करून मोठ्या संस्थांत गेली.

म्हणून सफरचंदी, प्रॉस्पेक्टसमधल्या विषयांच्या यादीवर जाऊ नका. ‘गेल्या वर्षी हा विषय प्रत्यक्षात चालला का, किती मुलं होती’ एवढंच विचारा.

---

फलटणकर

वाचतोय. मजा वाटली. आमच्याकडे ज्युनियर कॉलेजात हजेरी कागदावर आणि पोरगं क्लासमध्ये, हा उघड व्यवहार. तिकडे मोकळ्या तासाला लायब्ररीत जागा मिळत नाही म्हणजे फारच झालं.

एक शंका. आमच्या तालुक्यातल्या मुली एसटीच्या मोफत पासावर बारावीपर्यंत येतात. गाडी खचाखच असते, पण पैशाचा प्रश्न नसतो. इंग्लंडसारख्या देशात कॉलेजची बस फुकट असेलच ना?

---

चहाबिस्कीट

हाहा. नाही हो दादा. वर्षाला काहीशे पौंड.

---

गणितमास्तर

फलटणकर, तुम्ही नेमकं दुखऱ्या जागी बोट ठेवलंत.

२००८ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये शिकण्याचं वय वाढवलं. २०१३ पासून सतरा, २०१५ पासून अठरा. म्हणजे सोळाव्या वर्षी शाळा संपली तरी कॉलेज, अप्रेंटिसशिप किंवा कामासोबत प्रशिक्षण यांपैकी काहीतरी करायलाच हवं. पण मोफत वाहनाची कायदेशीर जबाबदारी मात्र सोळाव्या वर्षाशीच थांबली. पुढे काय द्यायचं ते स्थानिक कौन्सिलच्या मर्जीवर. त्यांनी दरवर्षी धोरण जाहीर करायचं, एवढंच बंधन. ते धोरण वाचायला घेतलं तर बहुतेक ठिकाणी अर्थ एकच निघतो: पैसे भरा.

पूर्वी गरीब घरातल्या मुलांना आठवड्याला ३० पौंडांपर्यंत ईएमए भत्ता मिळायचा. इंग्लंडमध्ये तो २०११ साली बंद केला. त्याच्या जागी बर्सरी फंड आला, पण तो कॉलेजच्या हातात, मुलाच्या हक्काचा नाही. सफरचंदींच्या घरापासून वेल्सची हद्द काही फार लांब नाही. तिकडे राहणाऱ्या मुलांना ईएमए अजून आहे आणि २०२३ मध्ये तो ४० पौंड झाला. वेल्सच्या पॉविसमधली मुलं हेरफर्डला शिकायला येतात. एकाच बाकावर दोन मुलं, एकाला आठवड्याला ४० पौंड आणि दुसऱ्याला बसच्या पासाचं बिल, हे मला अजून पचत नाही.

माझं मत विचाराल तर खेड्यात मुलाने कुठला विषय घ्यायचा हे बस ठरवते. इंजिनिअरिंगचा टी लेव्हल हा उत्तम व्यावसायिक अभ्यासक्रम आहे, २०२२ पासून सुरू झालाय, त्यात किमान ४५ दिवस प्रत्यक्ष कामावर जायचं असतं. पण तो कारखाना ज्या औद्योगिक वसाहतीत आहे तिथे सकाळी आठला पोचणारी बसच नसते. मग मूल म्हणतं, मला इतिहास आवडतो. आवडतही असेल.

---

रानवेल

हाय, मी अठरा वर्षांची आहे, आई इथे वाचते, तिने लिंक दिली. मराठी टाइप करायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी ब्रॉकनहर्स्टला होते. न्यू फॉरेस्टमध्ये आहे. स्टेशन कॉलेजच्या अगदी जवळ, लंडन-वेमथ लाइनवर, त्यामुळे साउथॅम्प्टनकडून पण मुलं येतात आणि बोर्नमथकडून पण. सकाळी ट्रेनमधून शेकडो मुलं एकदम उतरतात आणि समोर रस्त्यात पोनी उभे असतात. ते हलत नाहीत. लेट व्हायचं कारण म्हणून पोनी सांगितलं तर चालतं, पण आठवड्यात एकदाच :)

सगळ्यांना वाटतं फ्रीमध्ये, म्हणजे मोकळ्या तासांना, आम्ही काहीतरी भयंकर करतो. आम्ही चिप्स खातो. कोणाच्या कारमध्ये पाच जण बसून पावसात मीम्स बघतो. लायब्ररीत सायलेंट भागात जागा धरण्यासाठी बॅग टाकून येतो. लॅनयार्ड, म्हणजे गळ्यातलं ओळखपत्र, विसरलो तर रिसेप्शनला जाऊन स्टिकर घ्यावा लागतो, ते सगळ्यात लाजिरवाणं. काही जण शेतावरून येतात, लॅम्बिंगच्या, म्हणजे मेंढ्या वितात त्या, दिवसांत रात्रभर जागे असतात आणि पहिल्या तासाला झोपतात. शिक्षक पण त्यांना उठवत नाहीत.

मी ईपीक्यू केला, म्हणजे स्वतः विषय निवडून पाच हजार शब्दांचा प्रबंध, त्याला अर्ध्या ए लेव्हलचं, म्हणजे इथल्या बारावीच्या अर्ध्या विषयाचं, वजन. माझा विषय पोनीच्या शेपट्या. हसू नका. पोनी मोकळे फिरतात पण सगळ्यांना मालक असतो, कॉमनर म्हणतात. दरवर्षी चरण्याची फी भरली की अजिस्टर लोक शेपटीचे केस एका ठराविक आकारात कापतात, आणि त्यावरून पोनी कुठल्या भागातला ते कळतं. मी एका ड्रिफ्टला, म्हणजे पोनी गोळा करतात तेव्हा, दिवसभर गेटवर उभी होते. युनिव्हर्सिटीच्या इंटरव्ह्यूमध्ये सगळा वेळ त्यावरच बोलले.

अजून एक. गावात मीरत रोड नावाचा रस्ता आहे. पहिल्या महायुद्धात जखमी भारतीय सैनिकांची हॉस्पिटलं ब्रॉकनहर्स्टमध्ये होती, एकाचं नाव लेडी हार्डिंज. सेंट निकोलस चर्चच्या आवारात न्यूझीलंडच्या सैनिकांच्या रांगेने कबरी आहेत आणि जवळच काही भारतीयांच्या. आजी-आजोबा आले तेव्हा आम्ही तिथे गेलो होतो. माझ्या वर्गातल्या कोणालाच माहीत नव्हतं. मलाही आजोबांनीच सांगितलं, त्यांनी पुण्यातून निघतानाच सगळं वाचून ठेवलं होतं.

---

डॉ_कोकणे

कौतुक पुरे. पोनी, चिप्स, मीम्स. मी स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आपली मुलं इथे शिस्तीमुळे टिकतात. शाळेला जोडलेला सिक्स्थ फॉर्म असेल तर तेच शिक्षक, तोच धाक. दोन हजार मुलांच्या कॉलेजात सोळाव्या वर्षी ढकललं की मूल हरवतं. ज्यांना मेडिसिन, ऑक्सफर्ड-केंब्रिज करायचं आहे त्यांनी ग्रामर (प्रवेशपरीक्षा घेणारी सरकारी) किंवा खाजगी शाळा बघावी. आमच्या दोघांनी तेच केलं आणि दोघंही मार्गी लागले.

---

गणितमास्तर

डॉक्टर, मुलांचं अभिनंदन. पण केंब्रिजचं हिल्स रोड आणि विंचेस्टरचं पीटर सिमंड्स ही दोन्ही सरकारी सिक्स्थ फॉर्म कॉलेजं आहेत, आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजला मुलं पाठवण्यात भल्याभल्या खाजगी शाळांच्या पंगतीला बसतात. दोन्हीकडे आजूबाजूच्या खेड्यांतून मुलं रोज गाडीने येतात. पीटर सिमंड्सला तर फॉकलंड बेटांवरची मुलं येऊन राहतात, बेटांवर सोळाच्या पुढे शिक्षणाची सोय नाही म्हणून तिथलं सरकारच पाठवतं. दक्षिण अटलांटिकमधून आलेलं मूल हरवत नाही, तर ब्रॉम्यर्डचं कशाला हरवेल?

धाकाचं म्हणाल तर तो युनिव्हर्सिटीत नसतोच. तो सुटायचाच असेल तर घरी रात्रीचं जेवण मिळतंय तोवर सुटलेला बरा. मात्र एक मान्य करतो. जे मूल अबोल आहे आणि ज्याला कुणीतरी रोज विचारावं लागतं, त्याला लहान शाळा बरी. आमच्याकडे ट्यूटर असतो, पण त्याच्याकडे वीस-पंचवीस मुलं.

---

मीठभाकर

कॉर्नवॉलमध्ये नर्स आहे. फॉकलंडचा विषय निघाला म्हणून लिहिते, इतकं लांब जायला नको. आमच्या सिली बेटांवर फाइव्ह आयलंड्स अकॅडमी सोळापर्यंतच. जीसीएसई झाली की प्रत्येक मूल बेट सोडतं, बहुतेक ट्रुरो-पेन्झान्सकडे येतात आणि कुणाच्या तरी घरी पेइंग गेस्ट म्हणून राहतात. आमच्या शेजारच्या बाईंकडे अशी एक मुलगी होती. सोळा वर्षांची, स्वतःचे कपडे धुणारी, बँकेचं बघणारी. हिवाळ्यात सिलोनियन बोट बंद असते, आणि धुकं आलं की विमानही नाही. हाफ टर्मला, सत्रामधल्या सुट्टीत, घरी जायचं म्हणून बॅग भरून बसायची आणि संध्याकाळी परत आमच्याकडे भाजी-पोळी खायला. पोळ्या लाटायला शिकली. माझ्यापेक्षा गोल.

राहण्याच्या खर्चाला सरकारी मदत आहे, पण आईबापांना वरून घालावेच लागतात. काही कुटुंबं मूल सोळाचं झालं की बेटच सोडतात.

---

सफरचंदी

सगळ्यांचे खूप आभार, हे असंच हवं होतं. डॉक्टर, तुमचं म्हणणंही नवऱ्याला वाचून दाखवलं, तो खूश.

दोन प्रश्न राहिले. एक, आमच्याकडे यंग फार्मर्स क्लब जोरात आहे आणि पार्ट्या गोठ्यात, शेतात होतात. सायडर तर इथे पाण्यासारखी. दुसरा, आम्हाला अजून आयएलआर, म्हणजे कायम वास्तव्याची परवानगी, मिळालेली नाही. कॉलेजची फी लागेल का?

---

चहाबिस्कीट

पहिल्याचं मी सांगते. यंग फार्मर्सला नावावरून हसू नका, दहा वर्षांपासून अठ्ठाविसापर्यंतची मुलं असतात, वादविवाद स्पर्धा, गुरांची पारख, नाटकं, सगळं असतं. आणि हो, पार्ट्याही. दारू विकत घ्यायला अठरा पूर्ण लागतात. मात्र सोळा-सतराच्या मुलाने मोठ्या माणसासोबत पबमध्ये जेवताना बिअर, वाइन किंवा सायडर घेतलेली कायद्याला चालते, फक्त विकत त्या मोठ्या माणसाने घ्यायची. माझ्या सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

आमचा नियम एकच होता: कधीही, कितीही वाजता फोन कर, प्रश्न न विचारता न्यायला येऊ. खेड्यात रात्री टॅक्सी नसते. प्यायलेल्या मित्राच्या गाडीत बसणं हीच खरी भीती, त्या अरुंद, दोन्हीकडे उंच कुंपणाच्या रस्त्यांवर.

---

गणितमास्तर

दुसऱ्याचं माझ्याकडे. कामाच्या व्हिसावरच्या आईवडिलांबरोबर डिपेंडंट म्हणून राहणाऱ्या मुलाला सरकारी कॉलेजात १६ ते १९ चं शिक्षण मोफत असतं. अडचण पुढे आहे. युनिव्हर्सिटीच्या पहिल्या दिवशी कायम वास्तव्य आणि त्याआधीची तीन वर्षं इथलं राहणं नसेल तर बहुधा परदेशी विद्यार्थ्याची फी लागते, आणि स्टुडंट लोनही नाही. देशी फी २०२५-२६ साली ९,५३५ पौंड, परदेशी त्याच्या दुप्पट-तिप्पट, मेडिसिनला तर विचारू नका. आपल्या मराठी घरांत हा घोळ इयर थर्टीनच्या, म्हणजे कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या, जानेवारीत, यूकॅसचा (युनिव्हर्सिटी प्रवेशाचा) अर्ज गेल्यावर लक्षात येतो. तारखा आत्ताच कागदावर मांडा. गरज पडली तर मुलीने एक वर्ष गॅप घ्यायचं, इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही.

डॉक्टरकी किंवा ऑक्सफर्ड-केंब्रिज असेल तर यूकॅसची तारीख इयर थर्टीनची १५ ऑक्टोबर. म्हणजे मूल कॉलेजात रुळेपर्यंत अर्ज.

---

रानवेल

काकू, ट्रेनचं पण लिहिते, कोणी सांगत नाही. १६-१७ सेव्हर कार्डावर अर्ध्या भाड्यात जाता येतं, सीझन तिकीट पण. अठरावा वाढदिवस आला की ते संपतं. मग १६-२५ रेलकार्ड, त्यात एक तृतीयांशच सूट, सकाळी दहाच्या आधी किमान १२ पौंड भाडं लावतात, आणि सीझन तिकिटाला चालतच नाही. माझा वाढदिवस ऑक्टोबरमध्ये. माझ्या मैत्रिणीचा ऑगस्टमध्ये. तिने पूर्ण दोन वर्षं अर्ध्या भाड्यात काढली, मी एकच वर्ष. कॉलेज तेच, ट्रेन तीच.

साध्या बसला तीन पौंडांची मर्यादा आहे, आधी दोन होती. पण कॉलेजच्या कोचला बहुतेक ती लागू नसते.

---

सफरचंदी

अपडेट: मुलीने कॉलेजच घेतलं. जीवशास्त्र, भूगोल आणि गणित. भूगोलाला गेल्या वर्षी दोन वर्ग भरले होते, मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे विचारलं. बर्सरीचा अर्जही नेला, रिसेप्शनवरच्या बाईंनी स्वतःहून दिला. ऑगस्टमध्ये निकाल लागला की नावनोंदणी. नवऱ्याने घर बदलायचं सोडून आता तिला सतराव्या वर्षी कार शिकवायची म्हणून इन्शुरन्सचे दर बघितले आणि तासभर बागेत जाऊन बसला.

---

मीठभाकर

सतरापर्यंत थांबायचं नसेल तर सोळाव्या वर्षी ५० सीसीची मोपेड चालवता येते, सीबीटीचं एक दिवसाचं प्रशिक्षण लागतं. काही ग्रामीण भागांत ‘व्हील्स टू वर्क’ योजनेत मोपेड भाड्याने मिळते, कॉलेजसाठीही. तुमच्या भागात आहे का बघा. हिवाळ्यात मात्र मी तरी देणार नाही, रस्त्यावर न दिसणारा काळा बर्फ असतो.

---

फलटणकर

सोळाव्या वर्षी आणखी काय काय चालवता येतं तिकडे? ट्रॅक्टर?

---

गणितमास्तर

येतो की. वेगळी परीक्षा देऊन सोळाव्या वर्षी रस्त्यावर आणता येतो, फक्त रुंदी २.४५ मीटरपेक्षा कमी हवी. आमच्याकडे शेवटच्या दिवशी एकाने आणला होता. पार्किंगचे दोन चौकोन व्यापले म्हणून त्याला चिठ्ठी मिळाली.